पेठेच्या फुटबॉलला हवी लेखणीची साथ

कोल्हापूर : विश्वचषक आला की शहरातील पेठांत अर्जेंटिना, ब्राझीलचे झेंडे फडकतात. युरोपातील क्लबच्या डावपेचांवर महाविद्यालयीन विद्यार्थी हिरिरीने लिहितात. मात्र, शाहू स्टेडियमवर ज्यांच्यासाठी ते घसा कोरडा करतात, त्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींविषयीचे लेखन अनेकदा जय-पराजय आणि ईर्ष्येपुरतेच उरते.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेतील अनेक संघ तालमींचे, पर्यायाने पेठांचे आहेत. साहजिकच येथील निष्ठा घरातूनच येते. पण तिचे पर्यवसान कधी हुल्लडबाजीतही होते. इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतील संघांच्या चाहत्यांनी १९८० च्या दशकात स्वतःची नियतकालिके काढली. १९८६ मध्ये 'व्हेन सॅटरडे कम्स' सुरू झाले. संघावर माया आणि कारभाराला प्रश्न, हे दोन्ही त्या लेखनात एकत्र नांदले.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्यासारखा पुढचा खेळाडू कदाचित आजही एखाद्या पेठेत घडत असेल. त्याच्या खेळाची नोंदच झाली नाही, तर निवड समितीपर्यंत त्याचे नाव पोहोचणार कसे? गॅलरीतील आवाज सामना संपताच विरतो. लिहिलेले मात्र मागे उरते.