आधी उलटायला शिका

“कला शाखेच्या मुलीने होडी वल्हवायला शिकून काय मिळवले?” हा प्रश्न गेल्या डिसेंबरपासून मला निदान वीस जणांनी विचारला आहे. त्यांत मैत्रिणी आहेत, नातेवाईक आहेत आणि एक-दोन प्राध्यापकही आहेत. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देऊन मी थकले. वार्षिक अंकात जागा मिळाली आहे, तेव्हा एकदाच सविस्तर सांगते.

माझे गाव शिवसागराच्या काठावर आहे. साठच्या दशकात कोयनेवर धरण झाले आणि खोऱ्यातील कितीतरी गावे व शेते पाण्याखाली गेली. माझ्या आजीचे माहेर त्यांतच गेले. आमच्याकडचे बहुतेक पुरुष मुंबईला. माझे वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आहेत. मागे राहिलेल्यांचे दळण, दवाखाना, शाळा, सोयरीक, सगळे लाँचवर. आठवीपासून मीही लाँचने शाळेत जात होते. असे असूनही आमच्या घरातील एकाही बाईला पोहता येत नाही. पाण्यावर राहायचे, पण पाण्यात उतरायचे नाही, ही आमची रीत.

पाच वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ बुडाला. तो चौदा वर्षांचा होता, मीही चौदाच. म्हशी धुताना त्याचा पाय खोलात गेला. त्याला काढायला दोघांनी उड्या टाकल्या. त्यांतल्या एकाच्या गळ्याला त्याने अशी मिठी मारली की तोही खाली जाऊ लागला. कसाबसा सुटून काठाला आला. भाऊ आला नाही. काठावर म्हशींचे दावे पडले होते, प्लॅस्टिकचा रिकामा डबा पडला होता. ते त्याच्याकडे फेकावे हे कुणालाही सुचले नाही. मलाही नाही. मी तिथेच उभी होते. नंतर गावात म्हणाले, “पाणी दरसाल एक घेतंच.” हे वाक्य मी तेव्हा मुकाट्याने ऐकून घेतले. आज घेणार नाही.

जिमखान्याच्या फलकावर पाच दिवसांच्या कयाक शिबिराची सूचना लागली, तेव्हा मी नाव दिले. आजीला कळले तेव्हा ती म्हणाली, “आगं, पान्यानं काय कमी नेलंया आपलं? आन् तू सोताहून चाललीस व्हय?” तिच्याजवळ उत्तर मागण्याचा हक्क होता, पण माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते.

कयाक म्हणजे निमुळती, वरून बंद असलेली होडी. मधल्या भोकात बसायचे, पाय पुढे पोटात पसरायचे, गुडघे वरच्या पाटाला आतून टेकवायचे आणि कमरेभोवतीचा घेर भोकाच्या कडेवर ताणून बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. ग्रीनलंडच्या बर्फाळ समुद्रात इन्युइट शिकारी हाडालाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून अशी होडी करीत. आमच्या होड्या प्लॅस्टिकच्या होत्या, पण घडण तीच.

मला वाटले, आता वल्हे हातात देतील आणि शर्यत लावतील. पहिल्या सकाळी सर म्हणाले, “आज कुणीही पुढे जाणार नाही. आज सगळ्यांनी उलटायचे.” छातीभर पाण्यात ते शेजारी उभे राहिले आणि एकेकाची होडी उलटी केली. डोके खाली, पाय होडीत अडकलेले, नाकात पाणी. सांगितलेले असते की पुढे वाका, घेराचा पट्टा चाचपा, तो पुढे ओढून सोडवा, हात कडेला लावून विजार उतरावी तसे बाहेर निघा. ऐकताना सोपे वाटते. पहिल्या वेळी मी पट्टा शोधलाच नाही, नुसती झटापट केली आणि सरांनी मला होडीसकट सरळ केले. दुसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी माझी मी बाहेर आले. सगळा प्रकार पाच-सहा सेकंदांचा होता. भीतीला ती सेकंदे तासासारखी वाटतात. चारदा केल्यावर ती सेकंदेच राहतात.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट शिकले. उलटे असताना दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या बुडावर जोराने थापा मारायच्या आणि हात कडेने मागेपुढे फिरवीत राहायचे. जवळचा साथीदार आपल्या होडीचे टोक त्या हातांत आणून देतो. ते धरून कमरेच्या झटक्याने सरळ व्हायचे. मदत मागण्याचीही एक रीत असते आणि ती शिकवावी लागते, हे मला नवे होते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेशाचा अर्ज चुकला तेव्हा कुणाला विचारायचे हे ठाऊक नव्हते म्हणून मी गप्प बसले आणि एक शिष्यवृत्ती घालवली. थाप मारायला तेव्हा कुणी शिकवले असते तर!

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला वाचवायला शिकलो. उलटलेल्याने आपली होडी आणि वल्हे सोडायचे नाही. वाचवणाऱ्याने आपली होडी तिच्या टोकाशी आडवी लावायची, ते टोक उचलून आपल्या पुढ्यात घ्यायचे. आतले बरेच पाणी निथळते. मग ती सरळ करून शेजारी, टोकाला शेपूट अशी लावून दोन्ही हातांनी घट्ट धरायची. पाण्यातल्याने पाय मारीत पोटावर वर चढायचे, पाय भोकात घालायचे आणि वाचवणाऱ्याकडे तोंड ठेवून वळत खाली बसायचे. मी माझ्या दीडपट वजनाच्या सरांना असे वर घेतले. यात ताकद थोडी लागते, क्रम जास्त लागतो. आणि या सगळ्यात वाचवणारा आपली होडी एकदाही सोडत नाही. हे ऐकले तेव्हा मला आमचा काठ आठवला. दोघांनी उड्या टाकल्या होत्या. शूर होते दोघेही. शिकलेले नव्हते.

एकटेपणाविषयीही सांगायला हवे. जीनो वॉटकिन्स नावाचा इंग्रज संशोधक ग्रीनलंडच्या लोकांकडून उलटलेली कयाक आतूनच सरळ करायला शिकला होता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो एकटाच शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो सापडला नाही. वय पंचवीस वर्षे. ज्याला सर्व येत होते त्यालाही साथीदाराची गरज होती, एवढाच मी याचा अर्थ घेते.

शेवटच्या दिवशी शर्यत झाली, पदके वाटली, छायाचित्रे निघाली. ती याच अंकात असतील. पाच-सहा वेळा मित्राला पाण्यातून वर घेणाऱ्याला मात्र काही मिळाले नाही. माझी तक्रार येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्येच २५ जुलै हा बुडणे रोखण्याचा दिवस ठरवला. आपल्या कॉलेजात इतके दिन साजरे होतात, हा कधी झाल्याचे मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, कयाक हा पैसेवाल्यांचा खेळ. मान्य. कॉलेजने पन्नास होड्या घ्याव्यात असे मी म्हणत नाही. दोरी, रिकामा डबा आणि एक तळे एवढ्यावर पहिला धडा होतो: हात पोचत असेल तर काठी द्या, नसेल तर दोरी-डबा फेका, आणि स्वतः उडी मारू नका. प्रथम वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला हा धडा द्यावा. आणि शिबिराचे प्रमाणपत्र शर्यतीवर न देता, एकदा वाचलेल्या आणि एकदा वाचवलेल्या प्रत्येकाला द्यावे. “स्पर्धा नसेल तर मुले येणार नाहीत,” असे जिमखान्याचे म्हणणे आहे. स्पर्धा ठेवा, पण पाचव्या दिवशी. पहिला दिवस उलटण्याचा असू द्या.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा लाँचच्या धक्क्याजवळच्या आंब्याला मी वीस हात दोरी आणि एक बूच घट्ट लावलेला डबा टांगला. धाकट्या भावांकडून फेकण्याचा सराव करून घेतला. आजी पायरीवर बसून पाहत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लांब टाक की रं, त्यो पोरगा लई आत हुता.”

पंधरा दिवसांनी फोन आला. दोरी कुणीतरी म्हैस बांधायला नेली होती. दिवाळीत दुसरी नेणार आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला