पुस्तक होईपर्यंत थांबा म्हणे!

ऑनलाइन क्रमशः कादंबऱ्या म्हणजे नुसता कचरा, असं एका व्यासंगी गृहस्थांचं मत परवा कानावर आलं. वर संपादक नाही, लेखक मध्येच पळून जातात, आणि त्यातलं काही चांगलं असलंच तर त्याचं पुस्तक होईलच, तेव्हा वाचू. शोधाशोध कशाला?

संपादकाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो माझा लाडका आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातच क्रमशः दिली. लेखक हरिभाऊ, संपादकही हरिभाऊच. हस्तलिखित ‘साभार परत’ करायला त्यांनी कोणाला बसवलं होतं म्हणे? आमचे गृहस्थ तेव्हा असते, तर ‘हा तर स्वतःच स्वतःला छापतो’ म्हणून त्यांनी नाक मुरडलं असतं, आणि त्या कादंबरीतल्या यमूची कहाणी आठवड्याआठवड्यानं वाचणाऱ्यांची कीव केली असती. हे दुखणं जुनंच आहे. नियतकालिकात येतं ते वाङ्मय नव्हे, हा वाद आपल्याकडे झाला; मग भाड्याच्या वाचनालयातल्या रहस्यकथांवर तेच शिंतोडे उडाले. आता मोबाइलची पाळी. त्या त्या वेळी नाक मुरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं होतं, हे विचारायचं नसतं.

पुस्तक होईलच? अँडी विअरनं ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकट दिली. वाचकांच्या आग्रहावरून २०११ साली ती ९९ सेंटांत ई-बुक म्हणून आली. मोठ्या प्रकाशकाची आवृत्ती २०१४ ची. सगळेच ‘तेव्हा वाचू’ म्हणत बसले असते, तर त्यातला मंगळावर अडकलेला अंतराळवीर अजून तिथे बटाटेच खात असता. आणि ‘वाइल्डबो’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकाची ऑनलाइन कादंबरी ‘वर्म’? २०११ ते २०१३, सोळा लाखांहून जास्त शब्द. बांधणार कोणता बाइंडर?

अर्धवट राहतात म्हणाल, तर डिकन्सची ‘एडविन ड्रूड’ही १८७० पासून अर्धवटच आहे. कचरा आहे, हे मात्र कबूल. त्या कादंबऱ्यांतले अब्जाधीश नवरे तर मोजता येत नाहीत.

तेव्हा शोधावं लागतंच. सर्वाधिक वाचलेल्यांच्या यादीवर विसंबू नये. वर दिसतं म्हणून वाचलं जातं आणि वाचलं म्हणून आणखी वर जातं. पहिला भाग सगळेच घासूनपुसून लिहितात. म्हणून सरळ पंधरावा उघडावा, तिथेही माणसं जिवंत असतील तर मागे फिरावं. आवडलेला लेखक स्वतः कोणाला वाचतो, तेही पाहावं. आणि लेखकाला दोन ओळी जरूर लिहाव्यात, न पटलेल्या प्रसंगाबद्दलसुद्धा. पुढचा भाग अजून लिहून व्हायचा असतो. छापील पुस्तकाच्या वाचकाला ही सोय नाही.