उंबऱ्याच्या आत

१८९७च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर थेट माजघरापर्यंत शिरले, रोगी उचलून नेले, सामान रस्त्यावर काढलं. २२ जूनला दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्यांना वेगळं ठेवणं गरजेचं होतंच. चीड होती ती पद्धतीची. मार्च २०२०मध्ये कोविडसाठी सरकारनं बाहेर काढला तोही १८९७चाच साथरोग कायदा!

म्हणून या अंकात ‘बंधन असावं की नसावं’ हा वाद आम्ही बाजूला ठेवलाय. ते कुणी घालावं, किती दिवस, आणि जाब कुणाला विचारायचा, यावर भर आहे. (हेल्मेटसक्तीचा विषय पुणेकर काढणारच, त्याचीही सोय केली आहे.) टाळेबंदीत तुमच्या सोसायटीनं, गावानं दार कुणासाठी बंद केलं होतं? आम्हाला जरूर लिहा.