हंगामी मास्तर

परवा लोणावळा लोकलमध्ये दोन तरुण फुटबॉलवर वाद घालत होते. एक जण म्हणाला, "देशी कोच लावला की असंच होणार." रोख खालिद जमील यांच्यावर होता. कामशेतला उतरेपर्यंत मी गप्प बसलो. आता बोलतो.

जमील महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले. दुखापतींनी खेळ लवकर संपला. २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि बेताच्या पैशांत सात वर्षं तो संघ त्यांनी आय-लीगमध्ये टिकवून धरला. कुपरेजचं मैदान मिळत नव्हतं तेव्हा त्यांचे सामने आपल्या बालेवाडीला होत. मावळातून किती जण गेलो? मीही गेलो नाही.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना नारळ दिला. ते मिझोरामला, ऐजॉल एफसीकडे गेले. आदल्या मोसमात तळाशी घसरून कशीबशी पुन्हा संधी मिळालेला हा संघ ३० एप्रिल २०१७ ला आय-लीगचा विजेता ठरला. आणि मुंबई एफसी? त्याच मोसमात शेवटचा येऊन बाहेर!

एवढं करूनही इंडियन सुपर लीगचं दार उघडलं ते हंगामी म्हणून. २०२०-२१ च्या मध्यावर नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढलं आणि उरलेले सामने जमील यांच्या गळ्यात घातले. संघ उपांत्य फेरीत पोचला, मग कायम नेमणूक. त्या स्पर्धेत भारतीय माणसाला ती पहिलीच.

'हंगामी' या शब्दाची आणि माझी जुनी ओळख आहे. नोकरीची पहिली चार वर्षं मी हंगामीच होतो. निकाल चांगला लागला की मुलं हुशार, वाईट लागला की मास्तर कच्चा!

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे प्रशिक्षक झाले. महिनाभरात मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरने २-१ असं हरवलं आणि २०२७ चा आशिया चषक हुकला. हार ती हारच, तिच्यावर पांघरूण नको. पण त्याच गटात मार्चमध्ये बांगलादेशाशी बरोबरी आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून हार झाली, तेव्हा प्रशिक्षक स्पॅनिश होते. "परदेशी कोच लावला की असंच होणार" असं तेव्हा मी तरी ऐकलं नाही.

दिवाळीनंतर वर्गावर आलेल्या मास्तरच्या माथी सहामाहीचेही नापास मारू नयेत. शाळेत एवढा न्याय तरी होता.