बागेत गाणे, कोठारात लूट

हॉर्निमन म्हटले की मुंबईकराला फोर्टातले हॉर्निमन सर्कल आठवते. ते नाव 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या संपादकाचे. १९१९ साली गोऱ्या सरकारने त्यांना हद्दपार केले होते. मी बोलतो आहे तो हॉर्निमन दुसरा, लंडनचा चहावाला. या फ्रेडरिक हॉर्निमनने जगभरच्या वस्तू जमवल्या आणि १९०१ साली त्यांचे संग्रहालय लोकांना देऊन टाकले.

त्या संग्रहालयाच्या बागेत आता उघड्यावर जलसे होतात. २०२१ साली कृष्णवर्णीय संगीताचा जो उत्सव झाला, त्याचे नाव '६९६'. हा लंडन पोलिसांच्या एका अर्जाचा क्रमांक. जलसा भरवायचा तर कोण गाणार, कसले संगीत, हे आधी पोलिसांना लिहून द्यायचे. एके काळी श्रोते कोणत्या वंशाचे, हेही त्यात विचारत. २०१७ साली हा अर्ज रद्द झाला. ज्या कागदाने गळा दाबला त्याचेच नाव उत्सवाला द्यायला हिंमत लागते. कव्वालीच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवलेल्या आपल्या लोकांना ती समजावून सांगायला नको.

पण वाचकहो, बागेतल्या गाण्यावर भाळू नका. कोठारात काय आहे ते विचारा. हॉर्निमनने निदान उत्तर दिले. १८९७ साली बेनिनमधून लुटलेल्या ७२ वस्तूंची मालकी त्याने २०२२ साली नायजेरियाला दिली. सहा वस्तू तेव्हाच सुपूर्द केल्या. बाकीच्या तिथे राहिल्या त्या उसन्या म्हणून. म्हणून त्याच्या हिरवळीवरचे गाणे मी ऐकून घेईन.

त्याच शहरातल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे काय? तिथे टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे. गोऱ्याच्या उरावर बसलेला. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, माणूस कण्हतो. पोटात चक्क ऑर्गन आहे. साम्राज्याविरुद्धचे याहून रोखठोक वाद्य कुठे दाखवा! १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि ते लुटीत गेले. परत मागा, तर १९८३ चा कायदा पुढे करतात. कायदा त्यांनीच केला, अडचणही त्यांचीच.

आपल्यातलेच काही म्हणतात, इथे आणून काय करणार? २०२२ साली मालाडच्या एका मैदानाला टिपूचे नाव, म्हणून रस्त्यावर दंगा झालाच ना! झाला. पण घरात भांडणे आहेत म्हणून चोर मालक होत नाही.

आणि एक कडू घोट आपणही घ्यावा. हॉर्निमन घराण्याचा धंदा १८२६ साली सुरू झाला, तेव्हा चहा चीनचा होता आणि चीनला त्याची किंमत पोचत होती ती हिंदुस्थानी अफूतून. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. या धंद्यातले बडे नाव सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांचे एक भागीदार महंमद अली रोघे, आपले कोकणी मुसलमान. चहाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या बागेत कुणी कधी अफूचे गाणे गायलेच, तर त्यात रोघ्यांचे नाव आले पाहिजे. ते गाळा, असे सांगायला आपल्यातून कुणी जाऊ नये.