दोन बाटल्यांवर एक फुकट

मंडळी, इथे अमेरिकेत व्हिटॅमिनच्या दुकानात शिरलं की विक्रेता इतक्या आपुलकीने चौकशी करतो की हा डॉक्टरच वाटावा! केस गळतायत? बायोटिन घ्या. दोन बाटल्यांवर एक फुकट. पण "तुम्हाला औषधं कुठली चालू आहेत?" हे आजवर मला एकानेही विचारलेलं नाही.

विचारेल कशाला? १९९४ च्या कायद्याने या गोळ्या विकण्याआधी त्यांचा गुण सरकारला सिद्ध करून दाखवावाच लागत नाही!

मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. दुकानात सर्रास १०,००० ची गोळी मिळते. जास्तीचं लघवीवाटे जातं म्हणे. जातं, कबूल. पण तोवर रक्तात असतं ना! तेवढ्यात थायरॉइडच्या किंवा हार्ट अटॅकच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय.

आणि आपण याच बाटल्या बॅगा भरभरून पुण्याच्या मावशीला नेतो, जिची थायरॉइडची गोळी चालू आहे! मावश्यांनो, घेतच असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि नेणाऱ्यांनो, त्यापेक्षा बदाम न्या की. त्याने कुणाचा रिपोर्ट चुकत नाही.