चकाकी आणि भांडवल

व्यापारी कुटुंबात मोटारीचा हिशेब बहुधा तीन ठिकाणी मांडला जातो : कर्जाचा हप्ता, इंधनाचा खर्च आणि वर्षअखेरचा घसारा. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या, परंतु भाड्याने न दिल्या जाणाऱ्या मोटारीवर प्राप्तिकराच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे घटत्या मूल्य पद्धतीने १५ टक्के घसारा धरला जातो. पूर्ण पाच वर्षांचा घसारा वजा केला, तर दहा लाखांची गाडी वहीत सुमारे ४ लाख ४४ हजारांवर येते. वहीतील हा घसारा साऱ्या गाड्यांना सारखाच. प्रत्यक्षातील घसारा मात्र सारखा नसतो. एकाच महिन्यात घेतलेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी शेजारी उभ्या केल्या, तर जुन्या गाड्यांचा अनुभवी खरेदीदार इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट आणि टप यांवरून नजर फिरवतो, आणि भावाचा पहिला अंदाज तेथेच ठरतो. आश्चर्य असे की, ज्या गाडीला वारंवार हौसेने चमकवलेले असते, तीच पुष्कळदा अधिक लवकर निस्तेज झालेली आढळते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

जुनी सवय, नवा रंग

आजही पेंटरच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द असतो. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने बाजारात आणलेल्या, लवकर वाळणाऱ्या रंगाचे ते नाव. रंग बदलले, तरी शब्द राहिला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्या पिढीतील गाड्यांवर रंग हाच सर्वांत वरचा थर असे. उन्हाने तो फिकट पडला की रबिंग कंपाऊंड लावून घासायचे. फडक्याला गाडीचा रंग लागे, वरचा मेलेला पापुद्रा निघून जाई आणि खालचा ताजा रंग वर येई. तेव्हाच्या रंगाला ही रीत शोभत होती.

आजच्या बहुतेक गाड्यांची रचना वेगळी आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर, अशी ती रचना. हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो आणि क्लिअर कोट बहुधा त्याहूनही पातळ, ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. गाडीची झळाळी याच थरात असते आणि उन्हातील अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात.

या थराला गाडीचे भांडवल म्हणता येईल. कारखान्यात एकदाच घातलेले, पुढे न वाढणारे. त्यावर लावलेले मेण हा चालू खर्च. ते झिजते आणि पुन्हा लावता येते. मशीनने बफिंग करताना वापरले जाणारे कंपाऊंड हे बारीक पॉलिश कागदासारखे काम करते. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतालचा थर खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. गाडी त्या दिवशी नवी दिसते, पण भांडवलातून काही मायक्रॉन गेलेले असतात. समजा, थर ४० मायक्रॉनचा आहे आणि दर वर्षी दिवाळीला ३ मायक्रॉन घासले गेले, तर पाच वर्षांत १५ मायक्रॉन संपले. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. तोपर्यंत काय शिल्लक राहणार? एखाद्या पेढीने नफा नसताना भांडवलातून लाभांश वाटावा, तसा हा प्रकार. घेणारे खूश होतात, पेढी पोकळ होते. क्लिअर कोट संपला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून उपाय राहत नाही.

कुपवाडच्या हवेतील धूळ

कुपवाड परिसरात गाडीवर बसणारी धूळ एकाच जातीची नसते. औद्योगिक वसाहतीत जेथे लोखंड कापले किंवा घासले जाते, तेथील हवेत लोहाचे सूक्ष्म कण असतात. ते रंगात रुततात, गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतात. ऊस गाळपाच्या हंगामात काजळीचे काळे कण उडत येतात. ते कोरड्या फडक्याने पुसले की ओरखडे उठतात. हळदीच्या मोसमात पेठेत उभ्या राहणाऱ्या गाडीवर पिवळी भुकटी बसते. हळदीचा डाग उन्हाने फिका पडत जातो, म्हणून त्यासाठी घासाघीस करण्याचे कारण नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र अंगावरच वाळू दिले, तर थेंबाथेंबाचे पांढरे वलय उमटते. ते ताजे असेपर्यंत पांढरे व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून पुसावे व लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे.

मेणाचा खरा उपयोग येथे कळतो. धूळ, क्षार, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक प्रथम मेणावर बसतात, रंगावर नव्हे. पण मेण जुने झाले की तेच धूळ धरून ठेवते. कुठे ते उरते, कुठे निघून जाते. त्यामुळे गाडी ढगाळल्यासारखी दिसते. त्यावर नवे मेण चढवले, तर आतील मळ तसाच झाकला जातो. जाड थर म्हणजे अधिक संरक्षण, हा समजही चुकीचा आहे. अधिकचे मेण पुसतानाच निघून जाते. सिरॅमिक किंवा तत्सम लेप द्यायचा असेल, तर जुन्या मेणावर तो नीट धरत नाही. शिवाय काही पॉलिशमधील तेलकट द्रव्ये बारीक ओरखडे भरून तात्पुरते लपवतात. मार्चअखेरीस ताळेबंद सजवला जातो, तसेच हे. जुने मेण उतरवले की गाडीची खरी स्थिती समोर येते, आणि खरोखर बफिंगची गरज आहे की नाही, हे तेव्हाच ठरवता येते. बहुतेक वेळा ती नसते.

जुने मेण उतरवताना

काम सकाळी, सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर साबण आणि रसायने क्षणात वाळून डाग पाडतात.

प्रथम नुसत्या पाण्याने धूळ व रेती सैल करून वाहू द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी. फडके प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. टपापासून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. नळी सोडून धुण्यापेक्षा या रीतीने पाणीही पुष्कळ वाचते. मेण काढणारा शाम्पू बाजारात मिळतो. भांड्यांचा द्रव साबण या कामी एखाद्या वेळी चालतो, परंतु तो नेहमीच्या धुण्यासाठी वापरू नये. दर आठवड्याला वापरल्यास चांगले मेणही जाते आणि रबरी पट्ट्या कोरड्या पडतात.

यानंतर हाताची परीक्षा घ्यावी. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून धुतलेल्या, ओल्या पत्र्यावरून बोटे हलकेच फिरवावीत. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. ती असेल, तर क्ले बार वापरावा. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते. शाम्पूचे पाणी भरपूर शिंपडून ती दाब न देता सरळ रेषेत फिरवावी. रुतलेले कण आणि काही जुने मेण तिला चिकटून येते. मळकी बाजू आत घडी घालून पुन्हा वापरावी. वडी जमिनीवर पडली, तर मोह न धरता टाकून द्यावी; तिला लागलेली रेती शेकडो ओरखडे उठवते.

शेवटी उरलेल्या मेणासाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार ते पाच भाग, असे मिश्रण मायक्रोफायबर कापडाने एकेक भाग घेत पुसावे. आधी दाराच्या आतल्या कडेवर थोडे लावून पाहावे. हे द्रव्य ज्वलनशील आहे. जवळ दिवा, उदबत्ती किंवा विडी असू नये आणि जागा हवेशीर असावी. नुकत्याच रंगवलेल्या भागावर ते लावू नये. तो रंग पुरता पक्का होण्यास काही आठवडे लागतात, आणि त्या काळात मेणही टाळावे. थिनर आणि पेट्रोल यांना तर हातही लावू नये. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात फिरवून दिलेली चमक म्हणजे केवळ तेलाचा पातळ थर. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ बसते.

काळ्या प्लॅस्टिकवर जुने मेण वाळून पांढरे पडलेले असल्यास कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरतो. हट्टी डागावर मुलांचे साधे खोडरबर हलक्या हाताने चालवावे. मॅट रंगाच्या गाडीला मात्र मेण, क्ले किंवा पॉलिश यांपैकी काहीही लावू नये.

साहित्य पारखून घ्यावे

नवे मेण घेताना जैन कुटुंबांनी डबीवरील मजकूर अवश्य वाचावा. मोटारीच्या काही मेणांत मधमाशीचे मेण मिसळलेले असते. त्याऐवजी कार्नोबा हे वनस्पतिजन्य मेण मिळते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते तयार होते. पाने वाळवून, झोडपून ते वेगळे करतात. मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबा ८० अंशांच्याही पुढे. म्हणजे वैशाखातील उन्हातही कार्नोबाच सरस. मात्र ‘कार्नोबा’ असे ठळक छापलेल्या डबीतही मिश्रण असू शकते. संपूर्ण कृत्रिम सीलंट हा दुसरा पर्याय; तो कार्नोबापेक्षा अधिक महिने टिकतो.

हीच पारख इतर वस्तूंनाही हवी. गाडी कोरडी करण्याचे खरे शॅमॉय म्हणजे मेंढीचे कमावलेले कातडे. काही नाजूक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. धुण्याचे काही हातमोजे लोकरीसह मेंढीच्या कातड्याचे असतात. मायक्रोफायबर कापड आणि नायलॉनचा मऊ ब्रश ही सारी कामे तितकीच चांगली करतात आणि स्वस्तही पडतात.

मेण अगदी पातळ लावावे. धुरकट झाले की स्वच्छ कापडाने पुसावे. कार्नोबा दोन-तीन महिने टिकते. पाणी गोल थेंबांनी ओघळण्याऐवजी पसरून राहू लागले की पुन्हा धुऊन पाहावे. केवळ मळ साचल्यानेही थेंब नीट धरत नाहीत, म्हणून आधी धुणे आणि मग निर्णय.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, झेंडूच्या माळा दोन-दोन दिवस राहतात. ओल्या कुंकवाचा डाग पांढऱ्या रंगावर बसला की मग कंपाऊंडची आठवण होते. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढले, तर मंगलही राखले जाते आणि रंगही. सणाच्या आदल्या आठवड्यात वॉशिंग सेंटरमधील मुलगा अगत्याने विचारतो, “शेठ, मशीन पॉलिश मारू का? नवीकोरी दिसेल.” अशा वेळी त्याला धुलाई, क्ले आणि हाताने मेण एवढेच सांगावे, आणि मशीन कोणत्या ओरखड्यासाठी फिरवायचे, हे बोटाने दाखवता येत नसेल, तर ते फिरवू देऊ नये.